आईचा चीक का टाकला जातो

गाय किंवा म्हैस व्याली की घरात खरवसाची तयारी सुरू होते. ज्यांनी खरवस स्वतः केला आहे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पहिल्या दिवसाच्या चिकात दुप्पट दूध घातलं तरी सुरीने कापावी अशी वडी पडते. दुसऱ्या दिवसाच्या चिकात दूध बेताने घालावं लागतं. तिसऱ्या दिवसाचा चीक तर दूध न घालताही जेमतेम धरतो. त्यात विरजण नसतं की काही नसतं, तरी नुसत्या वाफेवर तो घट्ट होतो, अंड्याचा पांढरा बलक शिजल्यावर थिजतो तसा. कारण तेच: प्रथिनं. गाईच्या साध्या दुधात शंभर ग्रॅममागे तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिनं असतात, पहिल्या धारेच्या चिकात चौदाच्या आसपास. त्यातला मोठा वाटा असतो प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगजंतूंना पकडून निकामी करणाऱ्या प्रथिनांचा. ती दिवसागणिक घटत जातात, म्हणून तिसऱ्या दिवसाचा खरवस सैल होतो.

बाळंत झालेल्या आईच्या अंगावर पहिले दोन-तीन दिवस जे पिवळसर, चिकट दूध येतं तोही चीकच. तोही दिवसागणिक बदलतो. मात्र गाईचा चीक शेजाऱ्यांना वाटीवाटीने पोचवणाऱ्या घरातच बाळंतिणीचा चीक पिळून टाकला जातो, आणि बाळाला मध, साखरेचं पाणी, गाईचं किंवा शेळीचं दूध दिलं जातं. ही रीत एका जातीची, एका जिल्ह्याची किंवा एका देशाची नाही. आशिया आणि आफ्रिकेतल्या अनेक समाजांत ती आजही आढळते आणि युरोपात ती शतकानुशतकं चालत होती. तिला अडाणीपणा म्हणून बाजूला सारलं तर ती का टिकली हे कळत नाही. चीक टाकणाऱ्या आजीने, सुईणीने डोळ्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं. पाहिलेलं बहुतेक वेळा खरं असतं, त्यावरून काढलेला अर्थ चुकलेला असतो.

नेमकं काय दिसतं?

पहिली गोष्ट रंगाची. दूध पांढरं असतं, हे तर पिवळं, कधी केशरीकडे झुकणारं, घट्ट आणि बोटाला चिकटणारं. पू असाच दिसतो. शिवाय आपल्या भाषेत चीक हा शब्द रुईच्या, उंबराच्या, कच्च्या पपईच्या पांढऱ्या रसालाही वापरतात, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं हे खेड्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. पिवळा रंग येतो तो बीटा कॅरोटीनमुळे, ज्याच्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. गाजर, पपई, पिकलेला आंबा यांना रंग देणाऱ्या रंगद्रव्यांच्याच घराण्यातलं हे. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या यकृतात अ जीवनसत्त्वाचा साठा फार थोडा असतो, तो भरायला सुरुवात चिकापासून होते. काही बायकांचा चीक जवळजवळ पाण्यासारखा पारदर्शक असतो. तोही तितकाच चांगला.

दुसरी समजूत: हे दूध नऊ महिने साचलेलं आहे, शिळं आहे. यात अर्धं सत्य आहे आणि ते नाकारलं तर आजी आपलं पुढचं काहीच ऐकणार नाही. गरोदरपणाच्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून स्तनात चीक बनू लागतो, सातव्या-आठव्या महिन्यात काहींच्या कपड्यांना त्याचे डाग पडतात. मात्र तो हंड्यात भरून ठेवलेल्या पाण्यासारखा पडून राहत नाही. तो बनत राहतो, शरीर तो परत शोषून घेत राहतं. तो नासत नाही, कारण तो शरीराच्या आत आहे आणि त्यात जंतूंशी लढणाऱ्या पेशी खच्चून भरलेल्या आहेत. रक्त शरीरात वर्षानुवर्षं फिरतं, त्याला आपण शिळं म्हणत नाही.

तिसरी गोष्ट, आणि आजच्या घडीला सगळ्यात जास्त चालणारी: 'दूधच नाहीये.' आजी किंवा मावशी स्तन दाबून बघते, एक-दोन थेंब दिसतात, बाळ रडतंय, मग दुसरं काहीतरी पाजायलाच हवं असं ठरतं. इथे आकडे माहीत असले की घाबरगुंडी निम्मी होते. निरोगी, पूर्ण दिवसांचं बाळ पहिल्या चोवीस तासांत एका वेळेला फक्त २ ते १० मिलिलिटर चीक घेतं. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा, म्हणजे अर्ध्या चमच्यापासून दोन चमच्यांपर्यंत. दुसऱ्या दिवशी एका वेळेला ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, चौथ्या दिवशी ३० ते ६० मिलिलिटर. बाळाचं पोट पहिल्या दिवशी एवढंच मागतं. चीक थोडा आहे, कारण थोडाच लागतो. आणि बोटांनी दाबून जे निघतं त्यावरून आत किती आहे हे ठरवता येत नाही. बाळाची जीभ आणि जबडा ज्या पद्धतीने दूध ओढतात ती पद्धत दोन बोटांच्या चिमटीला जमत नाही.

चौथी: चीक पाजला आणि बाळाला काळी, डांबरासारखी चिकट शी झाली. म्हणजे पचला नाही! ती शी चिकाची नसते. बाळाने पोटात असताना गिळलेलं गर्भजल, आतड्याच्या झडलेल्या पेशी, पित्त असं सगळं साठून बनलेली ती पहिली शी असते. ती बाहेर पडायलाच हवी, आणि चीक सौम्य रेचकासारखा तिला ढकलतो. ती जितकी लांबते तितकं तिच्यातलं पित्तरंजक आतड्यातून पुन्हा रक्तात जातं आणि कावीळ वाढते. पोट साफ व्हावं म्हणून एरंडेलाचं बोट चाटवणारी घरं चीक टाकून देत असतील, तर ती ज्यासाठी एरंडेल देतात ते काम करणारी वस्तूच टाकतात.

गोठ्यातली समजूतही इथे येते. वार पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही, जास्त चीक प्याला तर वासरू हगवणीने जाईल, असं अनेक शेतकरी मानतात. पशुवैद्य याच्या नेमकं उलट सांगतात: वार पडायची वाट बघू नका, पहिल्या एक-दोन तासांत पाजा, आणि दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात जाऊ द्या, ३० किलोच्या वासराला ३ लिटर. वासराला आईच्या पोटात वारेतून प्रतिपिंडं मिळतच नाहीत, ती फक्त चिकातून येतात, आणि वासराचं आतडं ती जेमतेम पहिले चोवीस तास शोषू शकतं. चीक चुकला तर वासरू उघड्यावर पडल्यासारखं असतं.

माणसाच्या बाळाचं थोडं वेगळं आहे. त्याला वारेतून काही प्रतिपिंडं आधीच मिळालेली असतात, ती रक्तात असतात. आतडं मात्र कोरं असतं. आईच्या चिकात मुख्यतः आयजीए नावाचं प्रतिपिंड असतं, पुढच्या दुधाच्या तुलनेत साधारण दहापट. ते रक्तात शोषलं जात नाही. ते आतड्याच्या आतल्या अस्तरावर थर देतं, भिंतीला मुलामा द्यावा तसं. हे प्रतिपिंड कुणाविरुद्ध बनलेलं असतं? आईच्या स्वतःच्या आतड्यात आणि श्वासमार्गात जे जंतू येऊन गेले, त्यांच्याविरुद्ध. तिथल्या रोगप्रतिकारक पेशी प्रवास करून स्तनात येतात आणि तिथे प्रतिपिंडं बनवतात. म्हणजे ज्या घरात, ज्या विहिरीच्या पाण्यावर, ज्या माणसांत बाळ वाढणार आहे, तिथल्याच जंतूंवरचा हा इलाज. बाजारातला कुठलाही डबा हे काम करू शकत नाही. जोडीला लॅक्टोफेरिन असतं, जे जंतूंना लागणारं लोह अडवून धरतं, आणि आतड्याचं अस्तर पिकवणारे वाढीचे घटकही असतात.

जुनी पुस्तकं काय म्हणतात

'आपल्या शास्त्रात तीन दिवस दूध देऊ नये असं आहे' हे वाक्य बरेचदा ऐकू येतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतपणानंतर तीन किंवा चार रात्रींनी स्तन्य वाहू लागतं असं म्हटलं आहे, आणि मधल्या दिवसांसाठी मध-तुपाचं चाटण सांगितलं आहे. निरीक्षण अगदी बरोबर आहे. वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि त्यानंतर साधारण ३० ते ७२ तासांत दुधाचं प्रमाण एकदम वाढतं. यालाच आपण पान्हा फुटला, दूध उतरलं म्हणतो. त्याआधीच्या थेंबांना दूध म्हणून मोजलं गेलं नाही, एवढाच मुद्दा. आणि चरकसंहितेत मात्र जातकर्माचं मध-तूप चाटवल्यावर लगेच स्तन द्यावा, आधी उजवा, असं सांगितलेलं आहे. परंपरेचा आधार हवाच असेल तर तो चीक पाजण्याच्या बाजूनेही आहे.

युरोपातली गोष्ट याहून कडक. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा ग्रीक वैद्य सोरेनस आईचं दूध वीस दिवसांपर्यंत जड आणि पचायला वाईट मानत असे आणि तोवर दाई शोधा म्हणत असे. हा सल्ला पुढे शतकानुशतकं चालत राहिला. १७४८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम कॅडोगन या डॉक्टरने बाळाला पहिल्या दिवसातच अंगावर घ्या, तेच पहिलं दूध बाळाचं पोट साफ करतं, असं छापून सांगितलं, तेव्हा तिथलं वारं हळूहळू फिरू लागलं.

रीतीरिवाजांची आणखी काही कारणं आहेत. सोयर, बाळंतिणीची आंघोळ होईपर्यंत तिच्या अंगावर न पाजणं, उत्तर भारतात काही भागांत नणंदेने स्तन धुतल्याशिवाय पहिलं पाजणं नाही, मुस्लीम घरांत आधी तहनीकचा, म्हणजे बाळाला पहिल्यांदा चाटवायचा, खजूर किंवा मध, काही घरांत मुहूर्त. मध चाटवणाऱ्याचे गुण बाळात उतरतात, म्हणून घरातल्या कर्तबगार माणसाच्या हातून मध, हीसुद्धा एक भावना. या सगळ्यात बाळाविषयीची माया आहे, तिला धक्का लावायची गरज नाही. क्रम तेवढा बदलायचा: आधी अंगावर, मग कानात अजान किंवा आशीर्वाद, मग मध सोडून बाकीचं. ज्या आजीला पहिलं चाटण स्वतःच्या हाताने द्यायचं आहे, तिच्या हातात स्वच्छ वाटी-चमचा द्यावा आणि त्यात आईचाच चीक असावा. हे घरांत पटतं, कारण आजीचा मान जात नाही.

मधाचं बोट आणि साखरेचं पाणी

नुसतं एक बोट मध चाटवलं तर काय बिघडतं, हा प्रश्न रास्त आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. त्याने आधी बद्धकोष्ठता होते, मग बाळ ढिलं पडतं, रडणं क्षीण होतं, ओढणं थांबतं, श्वासाचे स्नायूही थकतात. हे क्वचित होतं, पण मध उकळून बीजाणू मरत नाहीत, शुद्ध गावरान मधातही ते असू शकतात. म्हणून वर्षाच्या आत मध नाही, थेंबभरही नाही.

गुळाचं किंवा साखरेचं पाणी वेगळ्या वाटेने नुकसान करतं. पाणी, भांडं, बोट यांतले जंतू आयजीएचा थर बसण्याआधीच कोऱ्या आतड्यात पोचतात. आणि गोड पाण्याने बाळाचं पोट भरतं, ते झोपतं, ओढत नाही. सहाणेवर सोनं किंवा वेखंड उगाळून देतात तिथे सहाण किती स्वच्छ आहे हा प्रश्न उरतोच. शेळीचं, गाईचं दूध म्हणजे परकी प्रथिनं आणि बाळाच्या मूत्रपिंडाला न झेपणारे क्षार.

डब्याचं दूध या यादीत वेगळं काढून ठेवण्याचं कारण नाही. दवाखान्यात आज मधाची जागा बऱ्याच ठिकाणी त्यानेच घेतली आहे. पहिल्या दिवशी ३० मिलिलिटर डब्याचं दूध बाटलीने दिलं की बाळाला जेवढं हवं त्याच्या निदान तिप्पट एकदम पोटात जातं. बाळ चार तास गाढ झोपतं आणि घरच्यांना वाटतं, बघा, भुकेलं होतं! त्या चार तासांत बाळाने स्तन दोनदा ओढायला हवा होता. ओढलं नाही म्हणून प्रोलॅक्टिन हे दूध बनवायला लावणारं संप्रेरक वाढलं नाही, स्तन रिकामा झाला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा फुटतो तेव्हा स्तन दगडासारखे होतात, गाठी येतात, स्तनाग्र सपाट होतं, बाळाच्या तोंडात मावत नाही. बाटलीच्या बुचाला सरावलेलं बाळ रडून बाजूला होतं. आई म्हणते, माझं दूध बाळाला आवडत नाही. आठवड्याच्या आत खरोखरच दूध कमी होतं. पहिल्या दिवशी जी भीती होती ती अशी खरी करून दाखवली जाते, आणि दोष मात्र आईच्या शरीराला लागतो.

पहिला तास

जन्मल्या जन्मल्या बाळ पुसून, कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, वरून दोघांना पांघरूण. वजन, आंघोळ, फोटो नंतर. आंघोळ तर निदान चोवीस तास नकोच; बाळ गार पडलं की ओढत नाही. जन्मानंतरचा पहिला तास बाळ टक्क जागं असतं, नंतर ते बराच वेळ झोपेला लागतं. या तासात ते जीभ बाहेर काढतं, हात चोखतं, पाय रेटत स्तनाकडे सरकतं. घाई करून डोकं दाबू नये. तोंड मोठं उघडलं की स्तनाग्राभोवतीचा काळा भाग, विशेषतः खालचा, तोंडात जाईल असं जवळ घ्यायचं. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, नाक मोकळं. टोचल्यासारखं सारखं दुखत असेल तर पकड उथळ आहे. तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून सोडवायचं आणि परत लावायचं.

घाना देशाच्या ग्रामीण भागात जवळपास ११ हजार बाळांवर झालेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या तासाचं मोल सांगतो. सगळ्या बाळांना पहिल्या तासात अंगावर घेतलं असतं तर नवजात मृत्यूंपैकी २२ टक्के टळू शकले असते, पहिल्या दिवसात घेतलं असतं तर १६ टक्के, असा त्यांचा हिशेब निघाला.

सिझेरियनमध्ये हा तास सहसा निसटतो. कमरेत इंजेक्शन दिलेलं असेल तर आई शुद्धीवर असते, टाके घालत असतानाही बाळ छातीवर आडवं ठेवता येतं. त्यासाठी आधीच, सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीलाच डॉक्टरांना विचारून ठेवावं. खोलीत आल्यावर आई कुशीवर वळलेली, पाठीला उशी, बाळ समोरासमोर कुशीवर, अशा स्थितीत टाक्यांवर भार येत नाही. सलाइन लावलेला हात मोकळा हवा, बाळ धरायला शेजारी एक माणूस हवं. सिझेरियननंतर, पहिलटकरणीला, मधुमेह किंवा जास्त वजन असेल तर पान्हा फुटायला एखादा दिवस उशीर होऊ शकतो. चीक तोवर असतोच.

चीक हाताने काढायचा झाला तर

बाळ झोपाळू आहे, कमी दिवसांचं आहे, काचेच्या पेटीत आहे किंवा पकडतच नाही, तेव्हा हा उपाय प्रत्येक घराला यायला हवा. पंप इथे फारसा कामाचा नाही: चीक घट्ट आणि थोडा, तो पंपाच्या नळीला आणि बाटलीच्या कडांना चिकटूनच संपतो. हाताने काढलेला थेंबन् थेंब वापरता येतो.

साबणाने हात धुवा. स्टीलची छोटी वाटी, चमचा आणि बोंडलं पाण्यात दहा मिनिटं उकळून घ्या. आई आरामात बसलेली असावी, बाळ जवळ असलं तर उत्तम, स्तनावर कोमट ओलं फडकं दोन-चार मिनिटं. मग अंगठा वर आणि बाकीची बोटं खाली, इंग्रजी सी अक्षरासारखी, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी सरळ मागे, बरगड्यांकडे दाबायचं, तिथेच ठेवून अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबायची, सोडायचं. दाबा, मिटा, सोडा. बोटं कातडीवर घासत पुढे ओढायची नाहीत, त्याने सालटं निघतात आणि दूधही येत नाही. स्तनाग्र पिळायचं नाही, तिथे दूध नसतं. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत काहीच येणार नाही, इथेच बहुतेक जण सोडून देतात. चालू ठेवलं की आधी चमकणारा एक टपोरा थेंब येतो, मग तिथेच दुसरा. थेंब थांबले की बोटं गोल सरकवून दुसऱ्या बाजूने. एका स्तनाला तीन-पाच मिनिटं, मग दुसरा, परत पहिला. सगळे मिळून वीस मिनिटं पुरे. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही एकदा तरी.

पहिल्या वेळेला अर्धा चमचा निघाला तर छानच. तो चमच्याच्या किंवा बोंडल्याच्या टोकाने बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला थोडा-थोडा सोडायचा, बाळ अर्धवट बसतं धरून; आडवं झोपवून नव्हे, नाहीतर ठसका लागतो. गिळू न शकणाऱ्या अगदी छोट्या बाळांना नवजात कक्षात दर दोन ते चार तासांनी दोन्ही गालांच्या आत ०.१ मिलिलिटर एवढाच चीक लावतात. तिथल्या परिचारिकांना चीक आणून दिला तर चालेल का, हे घरच्यांनी आपणहून विचारावं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली मातृदुग्ध पेढी ही आशियातली पहिली. आईचं स्वतःचं दूध मिळत नसेल त्या बाळांसाठी अशा पेढ्या आहेत. पण पेढीत येणारं दूध बहुतेक चिकानंतरच्या दिवसांचं असतं आणि ते तापवून निर्जंतुक केलेलं असतं. स्वतःच्या आईच्या ताज्या चिकाची सर त्याला येत नाही.

पोट भरतंय हे कशावरून कळतं

रडण्यावरून नाही. दुसऱ्या रात्री जवळजवळ सगळीच बाळं सारखी अंगावर मागतात, ठेवलं की रडतात. ती पान्हा बोलावण्याची त्यांची रीत आहे, आणि नेमकी याच रात्री बाटली घरात येते. दिवसातून ८ ते १२ वेळा पाजणं हे या दिवसांत साधं आहे. लंगोट मोजा: पहिल्या दिवशी निदान एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी पहिल्या दिवशी काळी, तिसऱ्या दिवशी हिरवट, पाचव्यापर्यंत पिवळी. वजन आधी उतरतंच, सातेक टक्क्यांपर्यंत चिंता नाही. ३ किलोच्या बाळाचं २१० ग्रॅम कमी झालं तर घाबरू नये. दहा टक्क्यांच्या पुढे, म्हणजे ३०० ग्रॅमच्या वर गेलं, तर पाजणं कुठे अडतंय हे त्याच दिवशी दाखवायचं. जन्माचं वजन दहा-चौदा दिवसांत परत यावं.

चोवीस तासांत शी किंवा शू झालीच नाही, बाळ उठवूनही उठत नाही, अंग गार किंवा तापलेलं, पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसली, हिरवी उलटी झाली, तर घरगुती काहीही न करता डॉक्टरांकडे. आईला एचआयव्ही असेल तर औषधं चालू ठेवून अंगावर पाजण्याबद्दल उपचार केंद्रातला सल्ला बाळंतपणाआधीच घ्यावा. आईला कावीळ ब असेल तर बाळाला जन्मल्यावर लगेच लस आणि सोबतचं इंजेक्शन देऊन चीक पाजता येतो.

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं मात्र सुमारे ५३ टक्के. आधीच्या पाहणीत हा आकडा ५७ च्या पुढे होता. म्हणजे उरलेल्या जवळपास निम्म्या बाळांचा पहिला तास सुईणीच्या नव्हे, डॉक्टर-परिचारिकांच्या डोळ्यांसमोर जातो. अंगावर पाजण्याला चालना देणारा केंद्र सरकारचा 'मां' कार्यक्रम २०१६ पासून आहे, बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद आहे. तरीही आशाताईंची दवाखान्यातल्या बाळंतपणानंतरची पहिली गृहभेट तिसऱ्या दिवशी असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यातून हे वेळापत्रक पुढे आलं. भेट मोलाची, पण चिकाचा निर्णय तोवर होऊन गेलेला असतो. म्हणून सांगायचं ते आठव्या महिन्यात, आणि सांगायचं ते एकट्या गरोदर बाईला नाही. बाळंतपण माहेरी असेल तर तिच्या आईला, सासरी असेल तर सासूला, आणि बाळंतपणाच्या रात्री दवाखान्यात थांबणार आहे त्या मावशी-काकूंना. कळा देऊन थकलेली एकवीस-बावीस वर्षांची मुलगी घरातल्या चार बायकांशी वाद घालू शकत नाही.

आणि चीक आधीच टाकला गेला असेल, तिसरा दिवस उलटला असेल, तरी वेळ गेलेली नाही. साधारण दोन आठवड्यांपर्यंतच्या दुधात प्रतिपिंडं बरीच जास्त असतात, पुढेही ती येत राहतात. वरचं पाजणं चालू असेल तर ते थोडं-थोडं उतरवत, लंगोट आणि वजन बघत, आधी स्तन आणि मगच चमचा असा क्रम लावायचा. बाटली बाजूला ठेवून चमचा किंवा बोंडलं. छातीवर उघडं बाळ, दिवसातून जितका वेळ जमेल तितका. स्तन दगड झाले असतील तर पाजण्याआधी दोन मिनिटं हाताने थोडं दूध काढून घ्यावं, म्हणजे काळा भाग मऊ पडतो आणि बाळाला तो तोंडात धरता येतो.